'मी' म्हणजे कोण: घरच्या घरी हिब्रू शब्द गोळा करताना

"मी झोत?"

फोनच्या पडद्याला नाक टेकवून पाच वर्षांच्या मुलीनं विचारलं आणि मला वाटलं, ती स्वतःबद्दल काहीतरी सांगतेय. त्यातला 'मी' तेवढा मला कळला होता. मागून माझी मैत्रीण हसत म्हणाली, "अगं, ती विचारतेय, ही कोण? हिब्रूत 'मी' म्हणजे कोण."

मैत्रीण ठाण्याची. टेंभी नाक्यापाशी आम्ही एकाच चाळीत वाढलो. तिचं घर बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं. शुक्रवारी दिवेलागणीला त्यांच्याकडे शब्बाथचे दिवे लागायचे. नवस फेडायचा असला की एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, नावानं मलिदा व्हायचा. गूळखोबरं घातलेले ते गोड पोहे माझ्या वाट्यालाही यायचे. तिचे आजोबा जवळच्या सिनेगॉगला, ज्यूंच्या प्रार्थनाघराला, 'मशीद' म्हणत. त्या घरातली भाषा आमच्या घरातलीच मराठी होती, हिब्रू फक्त प्रार्थनेपुरती. लग्न होऊन ती इस्रायलला गेली, अश्दोदला स्थिरावली. मुलाला मराठी कळते, थोडी बोलताही येते. नातीपर्यंत ती पोचली नाही. नात बोलते ती फक्त हिब्रू.

दर शुक्रवारी दुपारी आमचा व्हिडिओ कॉल होतो. ही नात, म्हणजे पडद्याला नाक टेकवणारी ती मुलगी, बालवाडीतून लवकर घरी येते तेव्हा इकडे दुपारचे साडेतीन वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेचार. ती मला काहीतरी दाखवायची, मी मान डोलवायची आणि मैत्रीण मधे दुभाषी. असं तीन-चार महिने चाललं. निवृत्त होऊन मला वर्ष झालं होतं. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवली. एका मुलीशी तिच्या भाषेत बोलता यावं एवढी हिब्रू या वयात आपल्याला शिकता येणार नाही, हे मला पटेना. ठाण्यात शिकवणारं कोणी माहितीत नव्हतं. मग घरीच सुरुवात केली.

सुरुवात चुकली. 'सर्वाधिक वापरले जाणारे हजार शब्द' अशी एक यादी मी छापून आणली. एका बाजूला हिब्रू, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. रोज वीस शब्द पाठ करायचे असं ठरवलं. तीन आठवड्यांत चारशे शब्दांवर खुणा केल्या आणि त्यांतले साठसुद्धा डोक्यात राहिले नाहीत. राहिले तेही कसले? 'मेमशाला' म्हणजे सरकार, 'वआदा' म्हणजे समिती. यादी वर्तमानपत्रांतून मोजून केलेली असावी. पुढच्या शुक्रवारी मुलीनं बाहुलीचे केस विंचरायचा कंगवा हरवल्याचं सांगितलं. "एफो हा-मास्रेक?" म्हणून ती घरभर शोधत होती. मला सरकार येत होतं, समिती येत होती, कंगवा येत नव्हता.

त्या दिवशी यादी बाजूला ठेवली. नवी वही केली आणि ठरवलं, की या मुलीच्या घरात जे आहे तेच आधी शिकायचं. मायीम पाणी, लेखेम पाव, खालाव दूध, कापीत चमचा, देलेत दार, खालोन खिडकी, नाआलायीम बूट, बुबा बाहुली. नात्यांचे शब्दही आले. सावता आजी, साबा आजोबा, इमा आई, आबा वडील. आपल्याकडे आबा म्हणजे आजोबा किंवा घरातलं वडीलधारं माणूस, तिथे थेट बाप. ती मला 'दोदा' म्हणते, म्हणजे आत्या किंवा मावशी. हिब्रूला दोघींसाठी एकच शब्द पुरतो.

शब्दांच्या आधी अक्षरं शिकावी लागली, पण त्यात फार दिवस गेले नाहीत. बावीस अक्षरं, सगळी व्यंजनं. उजवीकडून डावीकडे लिहायचं. पाच अक्षरं शब्दाच्या शेवटी आली की वेगळं रूप घेतात. छापील वळण आणि हाती लिहिण्याचं वळण वेगळं. मी दोन आठवडे रोज एक पान गिरवलं. खरी अडचण पुढे होती. स्वर दाखवणाऱ्या खुणा, ज्यांना निकुद म्हणतात, त्या मुलांच्या पुस्तकात आणि प्रार्थनेच्या पोथीत असतात, रोजच्या लिखाणात नसतात. स-फ-र ही तीन अक्षरं समोर आली तर ती 'सेफेर' म्हणजे पुस्तक, की 'सापार' म्हणजे न्हावी, हे वाक्यावरून ठरवायचं. मोडी वाचणाऱ्यांना हे नवं वाटणार नाही. तिथेही शब्द आधीपासून माहीत असला तरच कागदावरचा शब्द उलगडतो. म्हणजे हिब्रू वाचता यायला शब्द हवेत, आणि शब्द वाढायला वाचन हवं. या पेचातून सुटायला मी पहिले चारेकशे शब्द निकुदसकट लिहिले आणि प्रत्येक शब्द मैत्रिणीच्या तोंडून रेकॉर्ड करून घेतला. तिनं स्वयंपाक करता करता तो सगळा उद्योग केला. मागे कढईचा आवाज आहे. अजूनही 'बात्साल', म्हणजे कांदा, हा शब्द मला फोडणीच्या आवाजासकट ऐकू येतो.

आधी मी उच्चार देवनागरीत लिहून ठेवत होते. त्याचा एक फायदा झाला, तो कोणत्याही इंग्रजी पुस्तकानं दिला नसता. 'चादी' नावाचं अक्षर इंग्रजी पुस्तकं अर्धं पान खर्चून समजावतात. आपण फक्त 'चमचा' म्हणायचं. त्यातला च तोच हा. 'चिपोर' म्हणजे पक्षी, 'चाहोव' म्हणजे पिवळा, दोन्हीत चमच्याचा च, चहाचा नाही. आपण एकाच अक्षराचे दोन उच्चार जन्मापासून करत आलो आहोत, तेव्हा इथे जीभ अडखळत नाही. 'ख' मात्र फसवतो. आपला ख श्वास सोडून म्हणायचा, त्यांचा घशात घासून, गझल गाणारे 'ख़ुदा' म्हणतात तसा. तो ओठांवर यायला मला दोन महिने लागले.

शंभरेक शब्दांनंतर देवनागरी बंद केली, कारण आता ती आड येत होती. हिब्रूत त साठी दोन अक्षरं, क साठी दोन, स आणि ख साठीही दोन-दोन. बोलताना फरक उरलेला नाही, लिहिताना तो पाळावाच लागतो. 'एत' म्हणजे पेन, 'एत' म्हणजे काळ, आणि तिसरा 'एत' म्हणजे कर्मापूर्वी येणारा तो छोटा शब्द, ज्याच्या जागी मराठीत आपण कधीकधी कर्माला 'ला' लावतो. तिन्हींचं लेखन वेगळं. देवनागरीत तिन्ही एकाच साच्यातून निघालेले दिसतात आणि मनात त्यांचा गुंता होतो.

पण शब्द खऱ्या अर्थानं साचायला लागले ते एका बिलामुळे.

कॉलवर मैत्रीण हॉटेलात बसलेली. तिनं वेटरला हाक मारून म्हटलं, "खेश्बोन, बेवाकाशा." बेवाकाशा म्हणजे कृपया, ते मला येत होतं. खेश्बोन? "बिल गं," ती म्हणाली. माझ्या मनात ख-श-ब, ख-श-ब असं घोळत राहिलं आणि रात्री झोपताना एकदम लागलं: हिशेब! आपला हिशेब अरबीतून फारसीमार्गे आला. अरबी आणि हिब्रू एकाच सेमिटिक कुळातल्या. म्हणजे मराठीत शेकडो वर्षं मुरलेल्या अरबी शब्दांचे सख्खे भाऊ हिब्रूत असणार. मी उठून दिवा लावला आणि वहीत नवं पान काढलं.

पुढचे दोन महिने मी त्या पानावर जगले असं म्हटलं तरी चालेल. सलाम आणि शालोम सगळ्यांना ठाऊक असतात. त्यांच्या मागे नियम आहे, अरबीत जिथे स असतो तिथे हिब्रूत पुष्कळदा श असतो. तो नियम धरून शोधलं तर सवाल म्हणजे 'शेएला'. इसम हा शब्द आपण माणसाला वापरतो, मूळ अरबीत त्याचा अर्थ नाव, आणि हिब्रूत नाव म्हणजे 'शेम'. अरबीत आरंभी व असेल तर हिब्रूत य येतो, म्हणून वारस म्हणजे 'योरेश' आणि वारसा म्हणजे 'येरुशा'. कबर म्हणजे 'केवेर'. मयत म्हणजे 'मेत', हयात असणं ते 'खायीम', जीवन. इमान म्हणजे 'एमुना', श्रद्धा. अखेर आणि 'आखारोन', शेवटचा. मालक आणि 'मेलेख', राजा. फलाणा माणूस म्हणजे 'प्लोनी', आणि हा तर बायबलमधल्या रूथच्या गोष्टीतही आहे. तारीख म्हणजे 'ताआरीख'. लैला म्हणजे रात्र, 'लायला'. त्यामुळे 'लायला तोव', शुभरात्री, मला एकदाही पाठ करावं लागलं नाही.

मुक्कामाचा शब्द मला सगळ्यांत आवडला. हिब्रूत 'माकोम' म्हणजे नुसती जागा. बसमध्ये जागा आहे का, एवढ्यासाठीही तोच. आपल्याकडे 'मुक्काम पोस्ट' पत्रावर लिहिता लिहिता त्यात गाव आलं, रात्र काढणं आलं. अर्थ असे दोन बाजूंना पांगतात, आणि पांगलेला अर्थ नीट बघून घेतला की शब्द जास्त पक्का बसतो. कुर्बानीचा भाऊ 'कोर्बान' हाही असाच. मूळ बळी, आज बातम्यांत अपघातात किंवा हल्ल्यात सापडलेल्या माणसासाठी.

या नादात एक चूकही केली. सफर आणि सेफेर एकच असं मी धरून चालले, 'पुस्तक म्हणजे प्रवास' अशी जुळणीही मनाशी करून टाकली. कोशात पाहिल्यावर ते पान खोडावं लागलं. तेव्हापासून आवाज जुळला तरी कोश पाहिल्याशिवाय वहीत शब्द चढवत नाही. जे शब्द केवळ कानाला सारखे आहेत त्यांच्यासाठी मागच्या बाजूला वेगळं पान आहे. तिथे 'कान' म्हणजे इथे आणि 'शाम' म्हणजे तिथे. एक हात कानाला लावायचा आणि दुसरा खिडकीबाहेर दूर दाखवायचा, दोन्ही शब्द त्या दिवशीच बसले. त्याच पानावर 'ही' आहे. हिब्रूत 'ही' म्हणजे ती, बाईमाणूस. 'हू' म्हणजे तो. आणि सगळ्यांत वर, पहिल्या ओळीत, 'मी' म्हणजे कोण.

शब्द कसे बांधले जातात हे कळलं ते मुलीच्या सर्दीमुळे. एका शुक्रवारी तिचं नाक वाहत होतं. "नाझेलेत," मैत्रीण म्हणाली. 'नाझाल' म्हणजे वाहिलं, त्यातली तीन व्यंजनं घेऊन रोगाच्या साच्यात ओतली की नाझेलेत. मी विचारलं, साच्यात म्हणजे? मग तिनं तोंडी माळच लावली. चाहोव पिवळा, म्हणून कावीळ 'चाहेवेत'. आदोम लाल, म्हणून अंगावर लाल पुरळ उठवणारा रुबेला 'आदेमेत'. केलेव कुत्रा, म्हणून रेबीज 'कालेवेत'. सुकार साखर, म्हणून मधुमेह 'साकेरेत'. सुकारमध्ये आपली संस्कृत शर्कराच फिरून तिथे पोचली आहे, हे मला पुढे कळलं. त्या एका कॉलमध्ये मी पाच रोग शिकले आणि एकही पाठ केला नाही.

मूळ तीन व्यंजनं आणि त्यांना आकार देणारा साचा. या भाषेचं सगळं घर त्यावर उभं आहे. क-त-व घेतलं तर 'काताव' त्यानं लिहिलं, 'मिख्ताव' पत्र, 'क्तोवेत' पत्ता, 'काताव' वार्ताहर, 'हाख्तावा' शुद्धलेखनासाठी सांगून लिहिवतात ते, 'हित्कात्वुत' पत्रव्यवहार. व्यवसायांचा साचा वेगळा. सापार न्हावी, ताबाख आचारी, नागार सुतार. शेवटी 'इया' लागली की बहुतेक जागा किंवा संस्था: सिफ्रिया ग्रंथालय, इरिया नगरपालिका, माआफिया बेकरी. प्रार्थनेपुरती उरलेली हिब्रू पुन्हा रोजच्या बोलण्यात आणणारे एलिएझर बेन-येहुदा १८८१ साली जेरुसलेमला आले आणि घरात फक्त हिब्रू बोलायचा त्यांनी हट्ट धरला, तेव्हा रोजच्या कितीतरी वस्तूंना शब्दच नव्हते. त्यांतले पुष्कळ त्यांनी याच साच्यांतून पाडले. 'मिला' म्हणजे शब्द, त्यावरून 'मिलोन' म्हणजे कोश, हा त्यांचा. मुलीच्या हातातली बुबा त्यांचीच, टॉवेलसाठीची 'मागेवेत'ही त्यांचीच. आपल्याकडे शिवाजी महाराजांनी राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द करवून घेतले, पुढे सावरकरांनी 'महापौर' घडवला. घडवलेला शब्द लोकांच्या जिभेवर बसतो की नाही, हे आपण पिढ्यान्पिढ्या पाहत आलोय. त्यामुळे ही गोष्ट मला परकी वाटली नाही. एक मूल बाहुलीला सहज बुबा म्हणतं, हे ऐकताना मला दर वेळी त्या माणसाविषयी आदर वाटतो.

तरीही नव्यानं शिकणाऱ्याला मी सांगेन, धातूंच्या, म्हणजे या तीन-तीन व्यंजनांच्या मुळांच्या, मागे पहिल्या दिवसापासून लागू नका. मी दुसऱ्याच महिन्यात धातूंचा तक्ता करायला बसले होते. तो तक्ता सुंदर होता आणि निरुपयोगी होता. एका कुटुंबातले तीन शब्द कुठेतरी भेटलेले, ऐकलेले असले की मग धातू मदतीला येतो, चौथा शब्द स्वतः ओळख देतो. त्याआधी तो नुसता सांगाडा असतो.

पाठांतरासाठी मी बुटांचं खोकं वापरते. त्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे. ही पद्धत लाइटनर नावाच्या जर्मन लेखकानं १९७२ मध्ये मांडली. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात, तो रोज पाहायचा. आठवलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात, जो दोन दिवसांनी उघडायचा, मग आठवड्यानं, मग पंधरवड्यानं, मग महिन्यानं. चुकलं की कार्ड पुन्हा पहिल्यात. विसरायच्या बेतात असलेली गोष्ट तेवढ्यात आठवावी लागते, म्हणून ती मुरते. हेच काम करणारी अॅप आहेत, अँकी त्यांतलं चांगलं. मला कागद बरा वाटतो, कारण कार्ड लिहितानाच निम्मा शब्द येऊन जातो. रोज वीसचा आकडा सोडून मी सहावर आले. सहा नवे शब्द आणि जुन्यांची उजळणी, मिळून चाळीस मिनिटं. रविवारी नवा शब्द नाही, फक्त उजळणी.

कार्डावर काय लिहायचं यातही वर्षभरात बदल झाला. एका बाजूला शब्द आणि त्याचं छोटं वाक्य, दुसऱ्या बाजूला जमलं तर चित्र, नाहीतर मराठी. इंग्रजी नाही. हा माझा आग्रह आहे आणि त्यामागे कारण आहे. हिब्रूची वाक्यं इंग्रजीतून समजून घेताना जी वळणं घ्यावी लागतात ती मराठीतून लागतच नाहीत. 'येश ली' शिकवताना पुस्तक सांगतं, की हिब्रूत 'माझ्याजवळ असणे' असं क्रियापद नाही, त्याऐवजी 'मला आहे' असं म्हणतात. मला दोन मुलं आहेत, असं आपण म्हणतोच की! 'येश ली श्ने येलादीम', मला दोन मुलं. 'कार ली', मला गार वाटतंय. 'खाम ली', मला गरम होतंय. 'कोएव ली हा-रोश', दुखतंय मला, डोकं. 'आनी मोरा', मी शिक्षिका, मधे 'आहे' नाही. शिकणे 'लिल्मोद' आणि शिकवणे 'लेलामेद', पाहणे 'लिर्ओत' आणि दाखवणे 'लेहार्ओत', आठवणे 'लिझ्कोर' आणि आठवण करून देणे 'लेहाझ्कीर', खाणे 'लेएखोल' आणि भरवणे 'लेहाआखील'. मराठीत मूळ धातूला 'व' लावून काम दुसऱ्याकडे नेतो तसं हिब्रूही धातू तोच ठेवून साचा बदलते. या जोड्या मी एकाच कार्डावर लिहिते.

लिंगाच्या बाबतीतही आपण आधीच तयार असतो, तरी मी तिथेच सर्वांत लांब चुकत राहिले. 'मी शिकतो, मी शिकते' हा फरक हिब्रूच्या वर्तमानकाळात तस्साच आहे: 'आनी लोमेद', 'आनी लोमेदेत'. पण पुस्तकात आणि कोशात क्रियापद पुल्लिंगी रूपात दिलेलं असतं, आणि मी ते तसंच कार्डावर उतरवत गेले. चार महिने मी 'आनी रोत्से' म्हणत होते, म्हणजे पुरुषाच्या तोंडचं 'मला हवंय'. मैत्रीण लाजेखातर बोलली नाही. मुलगी बोलली. "रोत्सा!" ती ओरडली, "दोदा, रोत्सा!" कोल्हापूरकडे बायका 'मी येतो' म्हणतात आणि ते कानाला गोड लागतं, हिब्रूत तशी सोय नाही. मी त्या आठवड्यात क्रियापदांची सगळी कार्डं नव्यानं लिहिली, दीडशेच्या वर होती. आता प्रत्येकावर आधी माझं रूप, मग मुलीला उद्देशून म्हणायचं रूप, आणि पुरुषाचं सगळ्यात शेवटी. भूतकाळात 'मी' साठी एकच रूप आहे, 'लामादती', बाई असो की बुवा. तेवढी उसंत.

आकडे जिन्यावर शिकले. आखात, श्तायीम, शालोश, आर्बा, खामेश. नुसतं मोजताना स्त्रीलिंगी आकडे वापरतात हे मुलीकडून कळलं, ती लपंडावात तसंच मोजते. वारांना तर काहीच लागत नाही. रविवार पहिला दिवस, सोमवार दुसरा, असं शुक्रवारपर्यंत, मग शब्बात.

मधल्या एका पावसाळ्यात माझी गती अगदी मंदावली. खोक्यात सहाशे कार्डं झाली होती आणि मुलीचं एक वाक्यही मला पुरतं लागत नव्हतं. शब्द ओळखीचे, वाक्य अनोळखी. त्या काळात मी वाचत बसले, आणि वाचता वाचता कळलं की मराठीतून हिब्रूकडे जाणारी वाट फार जुनी आहे. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८३२ साली मुंबईत हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं, ते कोकणातल्या याच समाजासाठी. १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडणाच्या, म्हणजे ज्यूंच्या पेसाखच्या, सणाची पोथी हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी ठेवून छापली गेली. याच समाजातल्या जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थना मराठीत आणल्या. म्हणजे ज्या इंग्रजी मध्यस्थाला मी कार्डावरून काढलं, त्याच्याशिवाय या लोकांनी दीडशे ते जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी काम केलं होतं. माझ्या मैत्रिणीचे पणजोबा कदाचित अशाच एखाद्या पोथीवर बोट फिरवत वाचत असतील. तिला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अगं, आमच्या घरी होती तशी एक. पानं सुटलेली. तिकडेच राहिली."

वाक्यं लागायला लागली ती हळूहळू, आणि त्याचं श्रेय मी एकाच गोष्टीला देते. सुटा शब्द कार्डावर लिहिणं थांबवलं. मुलीनं म्हटलेलं वाक्य जसंच्या तसं घेतलं. 'मास्रेक' पुसून तिथे 'एफो हा-मास्रेक' आलं. 'देलेत'च्या जागी 'तिफ्तेखी एत हा-देलेत', दार उघड गं. यात 'एत' कुठे बसतो हे आपोआप आलं, मुलीशी बोलतानाचं आज्ञार्थी रूप आलं, आणि 'माफ्तेआख' म्हणजे किल्ली हा शब्द दुसऱ्या दिवशी भेटला तेव्हा त्यानं स्वतःच सांगितलं की तो उघडण्याच्याच घरचा.

अलीकडे तिनं मला एक खेळ दिलाय. वस्तू दाखवायची आणि मी नाव सांगायचं. त्यात मला असे शब्द मिळाले, जे ऐकून मराठी माणसाला हसू फुटेल, आनंदानं. बाटली म्हणजे 'बाकबुक'. पाणी ओतताना जो आवाज येतो तोच. फुलपाखरू 'पारपार', आपलं फडफड. चाक 'गालगाल', आपलं गरगर. घंटी वाजणं 'चिलचुल', पुन्हा चमच्याचा च. मराठीला नाद दोनदा म्हणायची हौस आहे, खळखळ, भणभण, सळसळ, आणि हिब्रूतही कितीतरी चार अक्षरी धातू असेच दुहेरी पडतात. असे शब्द मी पहिल्या कप्प्यात ठेवतसुद्धा नाही.

एक मात्र अजून अडतो. तोही दुहेरीच आहे, ग-अ-ग-अ, आणि अ घशातून उचलावा लागतो, तेही एका शब्दात दोनदा. 'लेहित्गाआगेआ', कुणाची तरी फार आठवण येणं. मराठीत आपण हे एका क्रियापदात म्हणत नाही, आठवण येते म्हणतो, जणू ती बाहेरून चालत येते. हिब्रूत ते माणूस स्वतः करतं. कॉल संपताना मुलगी हल्ली म्हणते, "हित्गाआगाती एलायिख, दोदा," आणि फोन आजीकडे देऊन पळून जाते. मला तेच तिला परत म्हणायचं असतं. तोंड उघडते तोवर पडद्यावर मैत्रिणीची भिंत दिसत असते.

ते कार्ड सात महिन्यांत चार वेळा तिसऱ्या कप्प्यापर्यंत गेलं आणि चारही वेळा परत आलं. आज गुरुवार. सकाळपासून ते स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवलंय.